भरल्या गाडीचा मिस्त्री

पेणचा तो म्हातारा माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नसे. मी त्याच्याकडे सात-आठ वेळा तरी गेलो असेन, पण दर वेळी तो माझ्या तोंडाकडे असा बघायचा की जणू मी मतं मागायला आलोय. मग खुर्चीतून उठून माझ्या जीपच्या मागे जायचा, कमरेवर हात ठेवून तिचं बूड नीट न्याहाळायचा आणि म्हणायचा, "हां, तू व्हय. रोह्याचा." त्यानंतर मात्र त्याला सगळं आठवायचं. मागच्या वेळी कुठला नट कितपत फिरला होता, इथपर्यंत.

धरमतरच्या रस्त्याला त्याची पत्र्याची शेड होती. खाडीच्या वाऱ्याने पत्रा इतका खाल्ला होता की दुपारी आत दिवा लावायची गरज पडायची नाही. पाटी वगैरे काही नाही. दाराशी एक प्लॅस्टिकची खुर्ची, आणि ती अशी लावलेली की येणाऱ्या गाड्यांकडे म्हाताऱ्याची पाठ आणि निघून गेलेल्या गाड्यांकडे तोंड. गाडी समोरून कशी दिसते यात त्याला काडीचा रस नव्हता. "तोंड काय, सगळेच धुवून येतात," असं म्हणायचा.

खुर्चीत बसल्या-बसल्या त्याचे शेरे चालू असत. "ही डाव्या पायाने लंगडते." "हिचा अ‍ॅक्सल सरकलाय, हिच्या मागनं जाऊ नका." ऐकायला कोणी असो वा नसो. लग्नाच्या मोसमात तर त्याला बोलावणं म्हणजे विकतचं दुखणं. एकदा वरात निघायच्या वेळी फुलांनी मढवलेल्या मोटारीमागे उभं राहून त्याने मोठ्याने जाहीर केलं, "मागनं पार बसलीय. आता काय उपेग नाय." शेजारी नवऱ्या मुलाची आई उभी होती. तो मोटारीबद्दल बोलतोय हे तिला पटवायला त्याच्या बायकोला अर्धा तास लागला. त्याला मात्र शेवटपर्यंत काय बिघडलं ते कळलं नाही, तो जेवायला बसला होता.

मुळात तो मोटारींचा माणूसच नव्हता. तीस वर्षं त्याने धरमतरच्या जेटीवर बार्जची इंजिनं सांभाळली. इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा लांबलचक शाफ्ट एका रेषेत बसवणं हे त्याचं काम. तरुणपणी एकदा बार्ज किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असताना त्याने तो शाफ्ट केसाचाही फरक न ठेवता बसवला आणि शाबासकी घेतली. मग बार्ज पाण्यात गेली, तिच्यात माल भरला, त्या वजनाने तिचं पोट जरासं वाकलं आणि शाफ्ट एका अंगाला घासू लागला. खाडीच्या मधोमध बेअरिंगमधून धूर निघाला. वरून ओहोटी लागली. भरती येईपर्यंत बार्जच्या तांडेलाने त्याच्या घराण्याचा जो उद्धार केला तो त्याला तोंडपाठ होता आणि आग्रह केला तर म्हणूनही दाखवायचा.

त्या दिवसापासून रिकाम्या वस्तूचं माप त्याने घेतलं नाही. जॅकवर चढवलेल्या गाडीला तो फाशी दिलेली गाडी म्हणायचा. "फाशी दिलेल्याची उंची कशी मोजणार? मान लांब झालेली असते."

अशा माणसाकडे आमच्यासारखी जीपवाली पोरं का जायची, तर नाइलाजाने. जीप उचलायची म्हणजे लांब स्प्रिंगा टाकून तिचा सांगाडा तीन-चार इंच वर न्यायचा. त्याने दगडधोंड्यात पोट घासत नाही, आणि खरं सांगायचं तर रोह्याच्या नाक्यावर रुबाब पडतो. मी रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जाणारा माणूस, माझ्या वाटेत दगडधोंडे कुठले यायला. पण उचलली. स्प्रिंगा विकणारा म्हणतो, टाका आणि चला. तो हे सांगत नाही की मागचा अ‍ॅक्सल चार लांब दांड्यांनी आणि एका आडव्या दांड्याने सांगाड्याला बांधलेला असतो, आणि सांगाडा वर गेला तरी दांडे तेवढेच राहतात. एक हात वर केला की खोचलेला सदरा त्या अंगाने ओढला जातो, तसं होतं. आडवा दांडा अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो, लांब दांडे त्याला पुढे खेचून त्याचं शाफ्ट जोडलेलं नाक फिरवतात, इंजिनाकडून येणाऱ्या त्या शाफ्टचा कोन बिघडतो, आणि साठच्या पुढे गाडी थरथरायला लागते. माझी इतकी थरथरायची की आरशात मागच्या एका ट्रकचे दोन व्हायचे.

पहिल्यांदा त्याच्या शेडसमोर जीप थांबवली तेव्हा तो मागे गेला, एक डोळा मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "कुठं चालली ही?"

"काका, तुमच्याकडेच आलीय."

"पुढचा अर्धा माझ्याकडं आलाय. मागचा अलिबागला निघालाय."

नंतर मोजलं तर अ‍ॅक्सल अर्धा इंच सरकलेला निघाला. त्याला तो नुसत्या डोळ्यांनी दिसला होता. दुरुस्तीला माझ्या पाच साप्ताहिक सुट्ट्या गेल्या. आडव्या दांड्याला आटे पाडून त्याने तो लागेल तसा लांब करता येईल असा केला, खालच्या दांड्यांची टोकं सांगाड्यावरून खाली आणायला बार्जच्या जुन्या पत्र्याचे जाडजूड तुकडे कापून बसवले. शाफ्टचा कोन मोजायला त्याच्याकडे शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक होता, त्याला दोरा आणि दोऱ्याला एक नट बांधलेला. मी मोबाइलवर कोन मोजायचं अ‍ॅप दाखवलं. त्याने मोबाइल हातात घेतला, मागची बाजू बघितली आणि परत दिला.

हे सगळं झालं तरी शेवटचे नट तो आवळत नसे. तिथे त्याचं खरं वेड सुरू व्हायचं. दांड्यांच्या टोकांना रबराचे बुश, म्हणजे जाड कड्या, असतात. गाडी जॅकवर लोंबत असताना नट आवळले तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं, आणि गाडी खाली उतरली की पिळलेलंच राहतं, मग लवकर फाटतं. म्हणून चाकं जमिनीवर टेकवून आवळा असं पुस्तकातही असतं. पण म्हातारा पुस्तकाच्या पुढे गेलेला. चाकं जमिनीवर हवीत, आणि गाडीत जी माणसं रोज बसणार तीच माणसं, आपापल्या जागेवर, आत बसलेली हवीत. त्याशिवाय पाना हातात घेणार नाही.

त्यामुळे रविवारी सकाळी त्याच्या शेडमध्ये एखादं अख्खं कुटुंब न हलणाऱ्या जीपमध्ये तासभर गुपचूप बसलेलं दिसायचं. आजोबा टोपी घालून, सुना पदर सावरून. एसटीतले लोक खिडकीतून वाकून बघायचे. एखादं माणूस वारलेलं असेल किंवा आखातात असेल, तर त्याच्या जागी म्हाताऱ्याची बायको बसायची. ती येताना सुपात सुकट घेऊन यायची आणि गाडीत बसून निवडायची. माझ्या ओळखीच्या एकाच्या जीपला त्यानंतर चार महिने सुकटीचा वास येत होता, आणि त्याच्या घरचे सगळे माळकरी.

एक कंत्राटदार बायकोला घेऊन आला, शेजारच्या सीटवर बसवलं. म्हातारा खाली गेला, पाच मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, "ह्या बाजूला बसणारं माणूस पन्नास किलोच्या वर नाय. तुम्ही किती हो बाई?" बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. स्प्रिंगवरून असं काही कळतं का, हे मला अजून माहीत नाही. कंत्राटदार पुढे गाडी पनवेलला दाखवायला लागला.

माझी पाळी आली तेव्हा मी आईला आणि बायकोला घेऊन गेलो. म्हाताऱ्याने आत डोकावून मोजलं.

"तिघंच? घरात किती?"

"चार. वडील बसत नाहीत."

"वारले?"

"नाही."

"दुबईला?"

"नाही हो, घरी आहेत. रोह्याजवळ, खांब गावात."

त्याची बायको सूप घेऊन सीटवर चढलीच होती. त्याने तिला उतरवलं. "ही मेलेल्यांच्या नि दुबईवाल्यांच्या जागी बसते. तुझा बाप कशात मोडतो?"

मग मला सांगावं लागलं. जीप घेतली तेव्हा सगळ्यात खूश बाबा होते. दर रविवारी पुढच्या सीटवर बसून, हात बाहेर टाकून नाक्यावर चहाला जायचं, वाटेत दिसेल त्याला हाक मारायची. मग मी ती उचलली. पुढच्या रविवारी बाबा नेहमीसारखे आले, पाय उचलला, तो पोचेना. गुडघे आधीच कामातून गेलेले. तरी दांडी धरून त्यांनी रेटा दिला आणि घसरून खाली बसले ते नेमके शेणात. समोर तीन-चार शेजारी होते, ते हसले. पण त्यांच्या आधी मी हसलो होतो. मुद्दाम नाही हसलो, पण हसलो. बाबांनी खालून माझ्याकडे जे बघितलं ते आठवलं की मला आजही स्वतःची लाज वाटते.

"ज्या गाडीत मला चढता येत नाय ती माझ्या घरची नाय," असं त्यांनी आईला सांगितलं. मला काहीच सांगितलं नाही. पाच महिने. मी शेजारी बसलेला असलो तरी "त्याला सांग गो, पाण्याची मोटर बंद कर म्हणावं." मी दाराखाली पायरी बसवून आणली, तर आईमार्फत निरोप आला की शिडी त्याच्या सासऱ्याला लावायला सांग. जुन्या स्प्रिंगा परत टाकाव्यात असं मनात आलं, पण त्या मी रुबाबात भंगारात देऊन टाकल्या होत्या.

हे सगळं मी आई आणि बायकोसमोर सांगितलं. म्हाताऱ्याने मला ना धीर दिला ना शिवी. फक्त विचारलं, "ओटा किती उंच हाय तुमच्या घराचा?"

"मोजला नाही कधी."

"घराचा ओटा माहीत नाय नि चालला गाडी उचलायला." त्याने नट कामापुरते आवळले. "चाळीसच्या वर नेऊ नको. रविवारी दारं काढून ठेव, मी येतो."

आपली शेड सोडून तो कुणाच्या दारात गेल्याचं मी ऐकलं नव्हतं. रविवारी एसटीने खांबला उतरला, पान्यांची पिशवी खांद्यावर टाकून चालत आला आणि आधी आमच्या घराच्या मागे जाऊन घर बघून आला. मग पुढे. बाबा ओट्यावर पाय सोडून वाल निवडत बसले होते. म्हाताऱ्याने नमस्कार-चमत्कार काही केला नाही, टेप काढली.

"पाय वर घ्या," तो म्हणाला.

बाबा इतके चकित झाले की त्यांनी पाय वर घेतले. त्याने ओट्याची उंची मोजली, मग जीपच्या आतल्या, पाय ठेवायच्या फळीची. मग मला हाताने खुणा करत दारं काढलेली जीप ओट्याला लावायला लावली, अजून आत, अजून आत, इतकी की डाव्या अंगाला ओटा आणि गाडी यांच्यात हात जाणार नाही. ओटा आणि फळी यांच्यात दोन बोटांचा फरक राहिला. बाबांनी ते पाहिलं आणि पुन्हा वालात डोकं घातलं.

म्हातारा मागच्या बाजूने जीपखाली सरकला आणि सगळे नट सैल केले. मी स्टिअरिंगवर, आई आणि बायको मागे. पाच मिनिटं गेली.

"पुढं डावीकडं माणूस नाय," खालून आवाज आला.

"भाताची गोण ठेवू का हो?" आई म्हणाली.

"गोण वळणावर अंग सावरत नाय. मला माणूस पायजे. सावकाश बघा तुमचं. संध्याकाळची एसटी चुकली तर जेवायला हाय मी."

बाबांनी आईला विचारलं, "हा कोण गो आणलाय ह्याने?"

"मला नका विचारू," आई म्हणाली. "तो बसलाय समोर, त्याला विचारा."

पाच महिन्यांत आईने निरोप पोचवायला नकार दिला तो हा पहिलाच. सुपातले वाल इकडचे तिकडे होत राहिले. आज नाही तर हे कधीच मिटणार नाही, असं मला वाटत होतं, आणि मला तोंड उघडायची हिंमत होत नव्हती.

"वजन किती हो तुमचं?" खालून म्हातारा.

"कोणाचं?" बाबा.

"ओट्यावर बसलेत त्यांचं."

"बासष्ट."

"वाटत नाय. पंचावन्न धरतो मी."

"बासष्ट म्हणजे बासष्ट," बाबा म्हणाले. "दवाखान्यात काट्यावर उभा केलेला मला."

"दवाखान्याचे काटे मी बघितलेत. पंचावन्न."

बाबांनी सूप बाजूला ठेवलं. खांब धरून उठले, एक सपाट पाऊल टाकलं, ज्याला गुडघा वाकवावा लागला नाही, आणि माझ्या शेजारी सीटवर बसले. जीप किंचित दबली.

"बासष्ट," खालून आवाज आला, आणि पाना वाजू लागला.

बाबा समोर बघत होते. मीही समोर बघत होतो. उंचीमुळे शेजाऱ्याच्या दगडी गडग्यापलीकडचं परडं दिसत होतं, ते आमच्या ओट्यावर बसून कधी दिसलेलं नव्हतं. एकाएकी बाबांनी माझा दंड धरला.

"ती बघ. आपली पहार."

"कुठे?"

"गोठ्याच्या मागं. तीन वर्सं शोधतोय मी. मला सांगत होता खाडीत पडली. खाडी हाय का इथं कुठं जवळ?"

मग ते थांबलेच नाहीत. पहारीवरून शेजाऱ्याचा बाप, त्यावरून बांध, बांधावरून यंदाचे वाल. पाच महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं आणि ते आईला नाही, मला सांगत होते. मध्येच थांबून म्हणाले, "त्या दिवशी लोकांचं सोड. आधी तू हसलास."

"हो बाबा. चुकलं माझं."

त्यांनी मान हलवली. मग मागे न वळता म्हणाले, "चहा इथंच आण गो."

आई उतरली. मागच्या सीटवरचं पन्नास किलो वजन गेलं. खालून कोणी हूं की चूं केलं नाही. पाना वाजायचा केव्हा थांबला होता ते मला आठवेना, म्हणून मी माझ्या बाजूने उतरून वाकून पाहिलं. नट आवळून झाला की म्हातारा त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारायचा. सगळ्या नटांवर रेघा होत्या, आणि त्या वाळल्या होत्या. पाने फडक्यात गुंडाळून उशाशी घेतलेले. तो छातीवर हात ठेवून उताणा पडून वरचं बोलणं ऐकत होता.

"काका, झालं का?"

"नाय," तो हळूच म्हणाला. "अजून लय हाय."

वर बाबांनी मला हाक मारली. नावाने. मला एकदम भरून आलं. म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि सोयही होती, गाडीबाहेर त्याचे फक्त पायच होते. मी मागे जाऊन वाकलो आणि हात लावला. पाय झटकन आत गेले.

"गुदगुल्या करू नको," तो खालून म्हणाला. "वर जाऊन बस."